इराकी रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताय? मेनू नंतर बघा, आधी विचारा आज काय शिजलंय

इराकी रेस्टॉरंटमध्ये जायचं ठरलं असेल तर आधी एक फोन करा. टेबल बुक करायला तर कराच, पण त्याच फोनवर हेही विचारा की आज पातेल्यात काय काय आहे. मेनू कार्डवर ढीगभर पदार्थ छापलेले असतात, पण सगळे रोज बनतातच असं नाही. दोल्मा (भात-खिमा भरलेल्या भाज्या) कधी कधी ठरावीक वारीच असतो, तश्रीब (रश्श्यात भिजवलेला ब्रेड आणि मटण) दुपारीच संपून जातो, मसगूफला (लाकडाच्या आगीवर भाजलेला मासा) ऑर्डर दिल्यावर तासभर तरी लागतो आणि अख्खं कोकरू भाताच्या डोंगरावर ठेवून आणतात ती कूझी हवी असेल तर बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशीच सांगावं लागतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही चौघं रात्री आठला भुकेने व्याकुळ होऊन पोचलो, बसल्या बसल्या मसगूफ सांगितला आणि मासा यायला सव्वा तास लागला. तोपर्यंत गरम ब्रेड, सूप, लोणची, वांग्याचं भरीत असं समोर येईल ते खात बसलो आणि मासा आला तेव्हा कुणाच्या पोटात जागाच नव्हती. इतका सुंदर मासा, अर्धा पॅक करून नेला, आणि गार झालेला मसगूफ म्हणजे मसगूफ नव्हेच. तेव्हापासून निघायच्या आधी फोन करूनच मासा आगीवर लावायला सांगतो.

आता जायचं कुठे. जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरात इराकी लोक जिथे राहतात तिथेच चांगलं इराकी जेवण मिळतं, लंडनला एजवेअर रोडच्या आसपास, सिडनीत फेअरफिल्डकडे, डेट्रॉइटच्या परिसरात, अम्मानमध्ये, दुबई-शारजात. पाटीवर 'बगदाद' लिहिलंय म्हणून लगेच आत शिरू नका. मेनूत नुसतं हमस, शवरमा आणि ग्रिल एवढंच दिसलं तर ते कुठलंही अरबी हॉटेल असू शकतं. खरी खूण म्हणजे शब्द. बाकीचे बहुतेक अरब भाताला 'रुझ' म्हणतात, इराकी माणूस 'तिम्मन' म्हणतो, शवरम्याला 'गस' म्हणतो. मेनूत तिम्मन, मरग, तश्रीब, पाचा असे शब्द दिसले की समजायचं स्वयंपाकघरात इराकी हात आहे. दुसरी खूण, शुक्रवारी दुपारी तिथे आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खी कुटुंबं बसलेली दिसली पाहिजेत. आणि तिसरी, दाराजवळ किंवा काचेमागे खरी लाकडाची आग. पुढे लावलेल्या शनाशील, म्हणजे जुन्या बगदादी घरांना असायच्या तशा लाकडी जाळीच्या खिडक्या, दिसायला छान असतात पण त्यावरून जेवणाचं काही कळत नाही.

दुपारी जा, हे माझं ठाम मत. इराकी घरात मोठं जेवण दुपारचं असतं, त्यामुळे रस्से आणि भात सकाळपासून शिजत असतात आणि एक-दीडच्या सुमाराला ऐन भरात असतात. रात्री ग्रिलचे पदार्थ जास्त चालतात. आणि एकट्याने नका जाऊ, चौघं-सहा जण जमवा, कारण एकेक ताट एवढं मोठं असतं की दोघांत तीन पदार्थसुद्धा संपत नाहीत. रमझानात जायचं असेल तर इफ्तारच्या वेळी तुडुंब गर्दी असते, आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊच नका.

बगदादमध्ये आणि आखाती शहरांतल्या जुन्या वळणाच्या ठिकाणी फॅमिली सेक्शन वेगळा असतो, त्याला 'अवाइल' म्हणतात. बरोबर बायका-मुलं असतील तर दारातच सांगा, ते बरोबर नेऊन बसवतात. हात धुवायला बेसिनांची रांग बहुतेक हॉलच्या कडेलाच असते, जेवणाआधी आणि नंतर दोन्ही वेळा तिथे जायचं. दारू बहुतेक ठिकाणी नसते, विचारूही नका. प्यायला शनीना मागवा, म्हणजे पातळ खारं ताक, मांसाच्या जेवणाबरोबर याच्यासारखं दुसरं काही नाही.

बसल्याबरोबर न मागता बरंच काही येतं, बहुतेक ठिकाणी मेन डिशबरोबर ते फुकटच असतं. मसुराचं सूप, तुर्शी म्हणजे व्हिनेगर-मिठातली लोणच्यासारखी भाजी (सलगम, काकडी, फ्लॉवर), जाजिक म्हणजे काकडी घातलेलं दही, कच्चा कांदा, लिंबू, आणि ब्रेड. ब्रेड दोन प्रकारचा. एक 'खुब्ज', तन्नूर म्हणजे मातीच्या भट्टीत भिंतीला चिकटवून भाजलेला, गोल, चपटा. दुसरा 'सम्मून', इराकची खासियत, होडीसारखा दोन्ही टोकांना निमुळता, वरून खरपूस आणि आतून पोकळ. गरम सम्मून मोडला की आतून वाफ येते आणि तिथेच लोक फसतात, दोन-दोन सम्मून हादडून बसतात. सूपाबरोबर अर्धा खा आणि थांबा. ब्रेडच्या बाबतीत एक लक्षात असू द्या, इराकी लोक त्याला फार मान देतात, तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावून बाजूला उंचावर ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे ब्रेडला हात पुसणं, चुरून टाकणं वगैरे करू नका.

चवीचा अंदाज आधीच घेऊन जा. हे जेवण तिखट नाही, आंबट आहे. चिंच, डाळिंबाचा घट्ट रस, सुमाक म्हणजे एका आंबट फळाची लालसर पूड, लिंबू, आणि नूमी बसरा म्हणजे वाळवून काळी पडलेली लिंबं, बसरा बंदराच्या नावावरून ओळखली जाणारी. प्रत्येक पदार्थाचा आंबटपणा वेगळा असतो, कुठे गोडसर, कुठे धुरकट, कुठे कडवट झाक असलेला, आणि तो ओळखत खाण्यातच निम्मी मजा आहे. त्यामुळे पहिल्या घासाला 'मसाला कमी आहे' म्हणून तिखट मागायला जाऊ नका, थोडं थांबा, जीभ जुळवून घेते.

आता मसगूफ. इराकचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतात तो हाच, आणि बगदादमध्ये तैग्रिस नदीकाठचा अबू नुवास रस्ता याच माशासाठी प्रसिद्ध आहे, रस्त्याला नाव मात्र जुन्या कवीचं. गोड्या पाण्यातला कार्प जातीचा मासा असतो, तिकडे नदीतले बुन्नी, शब्बूत असे देशी मासे नावाजलेले, पण बाहेरच्या शहरात बहुधा तळ्यात वाढवलेला कार्पच मिळतो. चांगल्या ठिकाणी टाकीतला जिवंत मासा तुम्हाला निवडू देतात आणि वजनावर भाव ठरतो, म्हणून किती किलोचा आहे आणि किती होतील हे तिथेच विचारून घ्या, नंतर बिल बघून चकित होण्यापेक्षा ते बरं. चौघांना दोन-अडीच किलोचा पुष्कळ होतो.

माशाचं पोट फाडत नाहीत, पाठीकडून चिरतात आणि पुस्तकासारखा उघडतात, त्यामुळे तो जवळजवळ गोल होतो. मीठ, हळद, चिंच वगैरे लावून खुंट्यांवर उभा करतात, आतली बाजू आगीकडे, आणि आग खाली नाही, शेजारी. हेच त्यातलं मर्म आहे. ज्वाळा माशाला लागत नाहीत, नुसती धग लागते, कार्प मुळात चरबीचा मासा, ती चरबी हळूहळू वितळून खाली ठिबकत राहते आणि मांस कडेने तांबूस होत जातं. शेवटी त्याच आगीतल्या निखाऱ्यांवर कातडीच्या बाजूने आडवा टाकतात, मग कातडी कडक होते. लाकूड शक्यतो फळझाडांचं, जर्दाळू, डाळिंब असं. मासा लागलेला असताना उठून आगीपाशी जाऊन बघा, कुणी काही म्हणत नाही, उलट आगीवरचा माणूस कौतुकाने दाखवतो. काही ठिकाणी गॅसच्या ग्रिलवर जाळीत दाबून भाजतात आणि त्यालाही मसगूफच म्हणतात. खाण्यासारखा असतो, पण धूर नाही म्हणजे निम्मी चव गेली, म्हणून फोनवरच विचारा की लाकडावर करता का.

खायचा हातानेच. काटा-चमचा मागितला तर मिळतो, पण कार्पमध्ये बारीक, दुफाटे काटे असतात आणि ते बोटांनाच कळतात. ब्रेडचा तुकडा घ्या, त्याने मधल्या जाड भागातलं मांस ओढा, बोटांनी एकदा चाचपा, वर कच्चा कांदा, लिंबू, थोडा आम्बा, आणि घास. कडेचा कुरकुरीत भाग शेवटी ठेवू नका, गार झाला की चिवट होतो. मुलांना भरवताना काटे दोनदा तपासा.

वर आम्बा म्हटलं ना, ते चुकून नाही लिहिलं. इराकमध्ये कैरीच्या पिवळ्याधमक पातळ लोणच्याला खरंच 'आम्बा' म्हणतात आणि हा शब्द तिकडे मराठीतून गेलाय. असं सांगतात की बगदादहून मुंबईला येऊन व्यापार थाटलेल्या ज्यू सासून घराण्याने १९व्या शतकात व्हिनेगरमध्ये मुरवलेले आंबे पिंपांतून बगदादला पाठवले आणि तिथून ते पसरलं. कथा पूर्ण खरी असो नसो, शब्द मात्र आपलाच आहे, आणि परक्या शहरात एखादा अरबी वेटर 'आम्बा?' विचारतो तेव्हा मला दर वेळी भरून येतं. हळद, मेथी, मोहरी, मीठ असा त्याचा मसाला. फलाफल (वाटलेल्या छोल्यांचे तळलेले वडे), उकडलेलं अंडं, गस, कबाब, मासा, सगळ्यावर चालतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पांढरे कपडे घालून जाऊ नका, डाग जात नाही. आणि मेथीचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत अंगाला येत राहतो, तेव्हा सकाळी महत्त्वाची मीटिंग असेल तर आदल्या रात्री बेताने खा.

मासा नको असेल तर 'तिम्मन व मरग' हा रोजच्या घरगुती जेवणाचा प्रकार मागा, भात आणि रस्सा. मरग म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात मांस आणि एखादी भाजी, बामिया म्हणजे भेंडीचा किंवा फसूलिया म्हणजे पांढऱ्या घेवड्याचा. भेंडी अगदी कोवळी, बोटाच्या पेराएवढी घेतात आणि लसूण सढळ हाताने. भात चांगल्या ठिकाणी 'अंबर' जातीचा असतो, नजफ-दिवानिया भागात पिकणारा, वासाचा तांदूळ. आणि एक गोष्ट हळूच मागून बघा, 'हकाका', भाताच्या बुडाला धरलेली सोनेरी खरपूस पापडी. मेनूत नसते, संपलेली असते बऱ्याचदा, पण हा शब्द तुम्हाला माहिती आहे म्हटल्यावर वेटरचा चेहराच बदलतो.

ग्रिलमध्ये इराकी कबाब घ्या, खिम्यात शेपटीची चरबी मिसळलेली असते म्हणून तो कोरडा पडत नाही, वर सुमाक भुरभुरलेला. ऑर्डर 'नफर'वर द्यायची, एक नफर म्हणजे एका माणसाचा वाटा, पण तो वाटा दणकट असतो, चौघांत तीन नफर सांगितले तरी पुरतात.

तश्रीब मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो. नाव 'भिजवणं' या अर्थाच्या शब्दावरून आलंय. खोलगट ताटात खाली ब्रेडचे तुकडे, त्यावर मटणाचा गरम रस्सा, वर हाडापासून सुटत आलेलं मांस, आणि मधेच एक-दोन काळे गोळे तरंगताना दिसतात. ती नूमी बसरा. ते तोंडात टाकू नका, बिया आणि साल कडू असते. चमच्याने ताटाच्या कडेला दाबा, आतला आंबट रस रश्श्यात उतरू द्या आणि मग ब्रेड, रस्सा, मांस एकत्र घ्या. ब्रेड पूर्ण गळून जायच्या आत खायचा, म्हणून आला की गप्पा थोड्या बाजूला ठेवा.

पाचा म्हणजे मेंढ्याचं डोकं, पाय आणि पोट रात्रभर शिजवलेलं. इराकी लोक जीव टाकतात, थंडीत भल्या पहाटे जाऊन खातात. पहिल्याच भेटीत मागवायचा आग्रह मी करणार नाही, पण पाय-मुंडी आवडत असेल तर जीभ आणि गालाचं मांस मागा, लिंबू आणि तुर्शीबरोबर.

दोल्मा असेल त्या दिवशी बाकी काही मागवू नका. नुसत्या द्राक्षाच्या पानांचा नसतो हा, कांद्याचे पापुद्रे, सिल्क नावाच्या पालेभाजीची पानं, वांगी, झुकिनी, मिरची, टोमॅटो, सगळ्यांत भात-खिमा भरून एकाच पातेल्यात रचतात, तळाला बरगड्यांचे तुकडे, वरून चिंचेचं किंवा डाळिंबाचं आंबट पाणी. मग अख्खं पातेलं मोठ्या ताटात उपडं करतात. सगळ्यात आधी कांदा उचला, तो शिजून आंबट-गोड आणि जवळजवळ पारदर्शक झालेला असतो, आणि टेबलावरच्या जाणकार माणसाची नजरही त्यावरच असते.

कुब्ब्याचेही बरेच प्रकार, एकच घ्यायचा तर कुब्बा मोसुल, गव्हाच्या दलियाच्या पारीत खिमा भरलेली मोठी चपटी चकती, उकडलेली. आंबट रश्श्यातला कुब्बा हामुथ पण छान.

शाकाहारी असाल तर स्पष्ट सांगतो, अवघड आहे, अशक्य नाही. भाजीचं नाव असलेल्या रश्श्यातही मांस असतं, भात आणि सूपही कधी कधी मांसाच्या पाण्यात शिजवतात. 'बिदून लहम' म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर थांबू नका, 'पाणी कशाचं वापरलंय' हेही विचारा. फलाफल-आम्बा-सम्मून, वांग्याचे प्रकार, जाजिक, सॅलड, तुर्शी यात पोट भरतं. आणि सकाळच्या नाश्त्याला गेलात तर चंगळ आहे, कारण तेव्हा 'गैमर' मिळते, म्हशीच्या दुधाची जाडजूड साय. इराकच्या दक्षिणेतल्या दलदलीत म्हशी पाळणारे लोक पिढ्यान् पिढ्या ती करत आलेत, सद्दामच्या काळात १९९०च्या दशकात त्या दलदली कोरड्या पाडल्या, २००३ नंतर पाणी पुन्हा सोडलं गेलं आणि २०१६मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. गैमर सम्मूनवर जाड थापायची आणि वरून दिबिस म्हणजे खजुराचा काळा पाक. किंवा 'काही'बरोबर घ्या, नाव खरंच काही असंच आहे, पापुद्र्यांची गरम पेस्ट्री पाकात बुडवलेली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खायची रीत आहे. बाहेरच्या शहरांत गैमर म्हशीच्याच दुधाची आहे का ते विचारून घ्या.

चार शब्द पाठ करून जा, फार उपयोग होतो. 'आकू' म्हणजे आहे, 'माकू' म्हणजे नाही, हे शब्द इराकची ओळखच आहेत. 'आकू दोल्मा?' एवढं विचारलंत तरी पुरे. ख्याली-खुशाली विचारायची तर 'शकू माकू?' वेटर तुम्हाला 'ऐनी' म्हणेल, म्हणजे 'माझा डोळा', आपण लाडाने राजा म्हणतो तसं, गैरसमज नको. जेवताना कुणी 'बिल आफिया' (जेवण अंगी लागो) म्हटलं की 'अल्ला याफीक' (अल्ला तुम्हाला आरोग्य देवो) म्हणायचं. आणि जेवण आवडलं तर करणाऱ्याला 'आशत ईदक' म्हणा, तुझे हात जिवंत राहोत, बाई असेल तर 'आशत ईदिच'. मी एकदा आगीवरच्या म्हाताऱ्या काकांना म्हटलं तर त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. एकाच ताटातून खात असाल तर उजव्या हाताने आणि आपल्या समोरच्या भागातूनच घ्या.

शेवटी चहा येतोच, 'इस्तिकान'मध्ये, कमरेत बारीक असलेला छोटा काचेचा ग्लास, काळा, कडक, वेलचीचा, तळाशी साखरेचा थर. ढवळायचं किती हे आपल्यावर, मी अर्धवटच ढवळतो म्हणजे शेवटचा घोट गोड लागतो. ग्लास कडेने धरा, चटका बसतो. पोट जड झालं असेल तर 'चाय नूमी बसरा' मागा, त्याच वाळलेल्या लिंबांचा आंबट चहा, दुधाशिवायच. गोडात खजूर भरलेली क्लेचा बिस्किटं किंवा 'मन्न अस्समा' हा पिस्ता घातलेला मऊ चिकट पदार्थ, पिठात लोळवलेला असतो, ते पीठ झटकून खायचा.

बिलाला म्हणायचं 'हसाब', आपला हिशोबच तो. कुणी इराकी मित्र बरोबर असेल तर तो 'अला हसाबी' म्हणजे 'माझ्याकडून' म्हणून उठणारच आणि तुम्ही नाही म्हणत राहाल आणि तो ऐकणार नाही. तुम्हालाच द्यायचे असतील तर चहा यायच्या आधी हात धुवायच्या निमित्ताने उठा आणि गल्ल्यावर पैसे देऊन या, तो बहुधा दाराजवळच असतो. येताना उरलेला दोल्मा पॅक करायला सांगा, मासा नको, दोल्मा. रात्रभर फ्रिजमध्ये मुरतो, आणि सकाळी गारच खाल्ला तर त्यातला तो कांदा आदल्या दिवशीपेक्षा चांगला लागतो.